उतरणीवरचा पहिला सैनिक: एका रीमेकचं प्रकरण

विमान उतरलेलं असतं, बाहेर रात्र असते. पहिला सैनिक उतरणीवरून दोन घरं (पटावरचे चौकोन) खाली येतो आणि अंधारातून हिरवी रेघ येऊन त्याला आडवा करते. गोळी कोणी झाडली ते दिसलेलं नाही. तुमची खेळी अजून संपलेली नाही, विमानात आणखी तेरा जण उभे आहेत आणि बाहेर पडायला त्या उतरणीखेरीज दुसरी वाट नाही. १९९४ सालचा ‘यूएफओ: एनिमी अननोन’ हा एलियनांशी लढायचा कॉम्प्युटर खेळ ज्याने खेळला आहे, त्याला यापुढचं काही सांगावं लागत नाही.

२०१२ साली आलेल्या त्याच्या रीमेकमध्ये, म्हणजे ‘एक्सकॉम: एनिमी अननोन’मध्ये, हा प्रसंग घडत नाही. तो घडू नये अशी रीमेकची रचनाच आहे. एवढ्यावरून जुने खेळाडू म्हणतात की खेळ सोपा करून टाकला. नवे खेळाडू म्हणतात की त्या उतरणीवर फुकट मरण्यात कसली आली स्ट्रॅटेजी. हे दोन्ही खेळ मी अलीकडे लागोपाठ, पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळलो. दोन्ही बाजूंचं म्हणणं अर्धं खरं आहे असं म्हणून मला सुटता येणार नाही, कारण माझ्या मते दोघंही चुकीची गोष्ट मोजताहेत.

पार्श्वभूमी

मूळ खेळ ज्युलियन गोलॉप आणि त्यांचे बंधू निक यांच्या मिथॉस गेम्स या छोट्या ब्रिटिश कंपनीचा, प्रकाशक मायक्रोप्रोज. अमेरिकेत तो ‘एक्स-कॉम: यूएफओ डिफेन्स’ या नावाने आला. गोलॉप यांनी १९८६ साली ‘रेबेलस्टार’ आणि १९८८ साली ‘लेझर स्क्वॉड’ केले होते. दोन्ही पाळीपाळीने खेळायचे, मूठभर सैनिकांच्या चकमकीचे खेळ. मायक्रोप्रोजकडे ते ‘लेझर स्क्वॉड’च्या पुढच्या भागाचा नमुना घेऊन गेले. प्रकाशकाला याहून मोठं काहीतरी हवं होतं. मग चकमकीच्या डोक्यावर पृथ्वीचा फिरता गोल आला, तळ आले, संशोधन आलं, देशांकडून दरमहा मिळणारा निधी आला. एका खेळात दोन खेळ झाले. वर कारभार, खाली लढाई, आणि वरची प्रत्येक चूक खाली रक्ताने फेडायची.

रीमेक केला फिरॅक्सिसने, प्रमुख डिझायनर जेक सॉलोमन. फिरॅक्सिस तसं त्याच घराण्यातलं; मायक्रोप्रोजच्या संस्थापकांपैकी एक असलेले सिड मायर हे १९९६ साली फिरॅक्सिस स्थापन करणाऱ्यांतही होते. त्या वेळची परिस्थिती मात्र रीमेकला अनुकूल नव्हती. २०१० साली एक्सकॉमच्या नावाने एक शूटर, म्हणजे थेट नेम धरून गोळ्या झाडायचा, खेळ जाहीर झाला होता आणि जुने चाहते त्यावर चांगलेच खवळले होते. (तो पुढे बराच बदलून २०१३ साली ‘द ब्यूरो: एक्सकॉम डिक्लासिफाइड’ म्हणून आला आणि फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही.) त्यामुळे जानेवारी २०१२ मध्ये पाळीपाळीने खेळायचा एक्सकॉम येतो आहे असं कळलं, तेव्हा लोकांना आनंद झाला आणि धाकधूकही वाटली. सॉलोमन स्वतः मूळ खेळाचे भक्त. त्यांच्या चमूचा सुरुवातीचा नमुना मूळ खेळाला बराच धरून होता. तो जमला नाही, त्यांनी तो टाकून दिला आणि नव्याने सुरुवात केली.

या टाकून देण्यातच प्रकरणाचा गाभा आहे. काही रीमेक जुन्या इमारतीला नवा रंग देतात. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ची २०१९ची आवृत्ती किंवा ‘कमांड अँड कॉन्कर’ची २०२०ची आवृत्ती त्या जातीची. तिथे प्रश्न सोपा असतो: चित्र सुधारलं का, चाल तीच राहिली का. एक्सकॉममध्ये पाया उकरून पुन्हा बांधलाय. इथे यादी घेऊन ‘हे गेलं, ते गेलं’ असं मोजत बसलं तर रीमेक पहिल्या पानावरच हरतो. टाइम युनिट, म्हणजे सैनिकाच्या प्रत्येक हालचालीला खर्च होणारे गुण, गेले. आठ तळांच्या जागी एक तळ आला. चौदा सैनिकांचे सहा झाले, तेही सुरुवातीला चारच. सैनिकाची पाठपिशवी, पट्टा, खिसे जाऊन दोन-तीन ठरलेल्या जागा उरल्या. यादी अचूक आहे. तिच्यावरून खेळाविषयी मात्र काही कळत नाही.

एका खेळीचं गणित

मूळ खेळात नवख्या सैनिकाकडे साधारण ५० ते ६० टाइम युनिट असतात. सपाट जमिनीवर एक घर चालायला ४ लागतात, गुडघ्यावर बसायला ४, उठायला ८, अंग वळवायलाही थोडे. रायफलचा घाईचा नेम एकूण युनिटांच्या २५ टक्के खातो, तीन गोळ्यांची फैर ३५ टक्के, नीट धरलेला नेम ८० टक्के.

समजा सैनिकाकडे ५४ युनिट आहेत. सहा घरं पुढे गेला, २४ गेले. गुडघ्यावर बसला, कारण बसून नेम जास्त लागतो, ४ गेले. उरले २६. घाईच्या एका नेमाला १३ लागतात, म्हणजे बरोबर दोन गोळ्या. खिसा रिकामा. आता शत्रूच्या पाळीत कोणी समोर आलं तर हा सैनिक नुसता बघत बसणार, कारण प्रतिक्रियेचा गोळीबार उरलेल्या युनिटांवर आणि चपळाईवर ठरतो. चारच घरं चालला असता तर ८ वाचले असते, पण ८ युनिटांत गोळी सुटत नाही. म्हणजे वाचवायचे तर निदान १३ वाचवा.

हा हिशेब मजेचा आहे. पहिल्या दहा सैनिकांपर्यंत तरी. चौदाव्या सैनिकापर्यंत येईतो मी सरळ ‘पुढे जा, बस, संपव’ असं करत होतो आणि मला ठाऊक आहे की बहुतेक जण हेच करतात. ऐंशीच्या दशकात चार-सहा प्याद्यांसाठी घडलेली रीत चौदा प्याद्यांवर ताणली, की खेळाडू आपसूकच त्यातली बारीक मेख वापरणं सोडून देतो. सूक्ष्मता कागदावर राहते.

रीमेकमध्ये सैनिकाला दोनच कृती. चाला आणि गोळी झाडा, किंवा दोन्ही कृती पळण्यात घाला, किंवा आडोशाला अंग चोरून बसा, किंवा ओव्हरवॉचवर थांबा, म्हणजे शत्रूच्या पाळीत कोणी हललं तर गोळी झाडायला सज्ज राहा. गोळी झाडली की त्याची पाळी संपली. ऐकायला हे बाळबोध वाटतं. पण आता आकडे बघा. नवख्याचा नेम ६५. समोरचा एलियन अर्ध्या आडोशाला असेल तर त्यातून २० वजा, पूर्ण आडोशाला असेल तर ४०. अंतराचा फायदा-तोटा बाजूला ठेवला तर पूर्ण आडोशातला शत्रू २५ टक्के, अर्ध्यातला ४५, आणि बगल गाठून त्याला उघड्यावर पकडला तर ६५. वर घाव वर्मी बसण्याची शक्यता ५० टक्क्यांनी वाढते. २५ आणि ६५ यांतला फरक एवढा मोठा आहे की उभ्या जागेवरून गोळ्या झाडत राहणं हा मूर्खपणा ठरतो. खेळ तुम्हाला हलायला भाग पाडतो. प्रत्येक भिंत, प्रत्येक गाडी, प्रत्येक कठडा याला किंमत येते, आणि ती किंमत पडद्यावर ढालीच्या चिन्हाने दिसते.

मग यावर अपवाद पेरलेले आहेत. सैनिकाला बढती मिळाली की चारपैकी एका वर्गात त्याची नेमणूक होते आणि प्रत्येक वर्ग मूळ नियम कुठेतरी मोडतो. असॉल्टवाला पळून आल्यावरही गोळी झाडू शकतो. स्नायपरला हलल्यावर रायफल वापरता येत नाही, पण योग्य कौशल्य घेतलं तर तो सोबत्याच्या नजरेने अख्ख्या नकाशावर नेम धरतो. जुन्या खेळात सगळ्यांना एकच लांबलचक नियम होता. इथे नियम ओळभराचा आणि मोडण्याच्या तऱ्हा अनेक. निव्वळ एका खेळीची चुरस पाहिली तर रीमेक वरचढ आहे असं मी बेधडक म्हणतो. सहा सैनिकांच्या बारा कृतींवर मी जेवढा वेळ डोकं खाजवलं तेवढा चौदा जणांच्या सात-आठशे युनिटांवर कधीच खाजवला नाही.

वाट पाहणारा शत्रू

आता रीमेकमधली सर्वात मोठी तडजोड, आणि इथे माझं मत जुन्या खेळाडूंच्या जवळ जातं.

मूळ खेळात एलियन तुमच्याआधीपासून त्या नकाशावर असतात. हिंडतात, दाराआड थांबतात, तुम्ही त्यांना पाहिलं नसलं तरी ते तुम्हाला पाहतात आणि त्यांची चपळाई जास्त असेल तर तुमच्याच पाळीत गोळी घालतात. रात्री त्यांना तुमच्यापेक्षा लांबचं दिसतं. उतरणीवरचा मृत्यू यातूनच येतो.

रीमेकमध्ये एलियन दोन-तीन जणांच्या टोळीत असतात. खेळाडूंच्या भाषेत पॉड. तुमच्या सैनिकाची नजर त्यांच्यावर पडेपर्यंत ही टोळी लढाईत जवळपास नसतेच. नजर पडली की कॅमेरा तिकडे वळतो, एलियन दचकतात आणि तुमच्याच पाळीत फुकटात पळून आडोसा गाठतात. तुम्ही कितीही दबक्या पावलांनी या, आधी सावध तेच होतात. दबा धरून बसणं दोन्ही बाजूंना जवळपास अशक्य. शत्रू आपली वाट पाहत उभा आहे आणि आपण दार उघडलं की नाटक सुरू होतं, हे एकदा लक्षात आलं की त्या जगातला काळोख पहिल्यासारखा राहत नाही.

पण हा नियम नुसता उणा म्हणून सोडून देता येत नाही. वरचं आडोशाचं गणित आठवा. ६५ टक्के हवे असतील तर बगल गाठायला पुढे सरकलं पाहिजे. पुढे सरकलं की न पाहिलेला भाग उघडा पडतो. त्या भागात दुसरी टोळी असली तर ती जागी होते, आणि आता तुम्ही उघड्यावर उभे, समोर दोन टोळ्या. म्हणजे पॉडच्या नियमानेच बगलेची किंमत ठरते. शिवाय टोळी केव्हा जागी होते यालाही महत्त्व येतं. पहिल्या सैनिकाच्या पहिल्या पावलावर दिसली तर बाकी पाच जण अजून ताजे आहेत. शेवटच्या सैनिकाच्या शेवटच्या पावलावर दिसली तर तुमच्याकडे काहीही शिल्लक नाही आणि एलियनांची अख्खी पाळी समोर आहे. सैनिक कोणत्या क्रमाने हलवायचे, हा प्रश्न मूळ खेळातही होता. इथे तो जीवघेणा होतो.

मूळ खेळात मी घाबरायचो ते काय आहे हे माहीत नाही म्हणून. रीमेकमध्ये घाबरतो ते काय होईल हे पुरतं माहीत असूनही पाऊल टाकावं लागतं म्हणून. भीती तेवढीच भरते, पण ती अंधारातून उठून हिशेबात येऊन बसली आहे.

या बदलाची किंमत रीमेकला वेगळ्याच ठिकाणी मोजावी लागली. टोळी जागी होण्याचाच धोका असेल आणि वेळेचं बंधन नसेल, तर शहाणा खेळाडू काय करेल? एक पाऊल टाकेल, सगळ्यांना ओव्हरवॉचवर ठेवेल, पाळी संपवेल. पुन्हा एक पाऊल. हे काम करतं, आणि अतिशय कंटाळवाणं आहे. मीही वरच्या काठिण्यपातळीवर अर्धी मोहीम असाच सरपटत गेलो, कारण न सरपटणं परवडत नव्हतं. फिरॅक्सिसलाही ही खोट दिसली असावी. २०१३च्या ‘एनिमी विदिन’ या विस्तारात मेल्ड नावाच्या द्रव्याचे डबे आले, जे ठरावीक पाळ्यांत उचलले नाहीत तर नष्ट होतात. पुढे २०१६ सालच्या ‘एक्सकॉम २’मध्ये कित्येक मोहिमांना सरळ घड्याळच लावलं, आणि त्यावरून पुन्हा आरडाओरडा झाला. एका नियमाने पाडलेलं भोक बुजवायला पुढचे दोन नियम आणावे लागले.

जुन्या खेळाची बाजू घेताना एक कबुली द्यायला हवी. सरपटणं तिथेही होतं. विमानाच्या दारात धुराचा बाँब टाकून पहिली पाळी आतच काढणं, मग नवख्याला टेहळणीला पुढे ढकलणं, ही तिथली रुळलेली पद्धत. नवख्याचं नाव वाचायचीही तसदी कोणी घेत नसे. आणि शेवटचा उरलेला एलियन कुठल्याशा खोलीत घाबरून बसलेला असला, की त्याला शोधत अख्खा नकाशा पालथा घालावा लागे. मूळ खेळही साळसूद नव्हता बरं का: विसाव्या फेरीनंतर तुमचे सैनिक कुठे आहेत हे एलियनांना आपोआप कळू लागतं. जिथे सगळं खरोखरीचं चालतं अशी ख्याती आहे, तिथेही पडद्यामागे हात फिरतोच.

गोळी कुठे जाते

मूळ खेळात सुटलेली गोळी ही एक वस्तू असते. ती नेमाच्या आसपास कुठल्यातरी दिशेने निघते आणि वाटेत जे येईल त्याला लागते. चुकली तर कुंपण फोडेल, पेट्रोलच्या टाकीला लागेल, समोर उभ्या सोबत्याच्या पाठीत घुसेल. म्हणून रांग लावून उभं राहायचं नसतं, हे खेळ न सांगता शिकवतो.

रीमेकमध्ये आधी फासा पडतो आणि मग त्याला शोभेल असं दृश्य दाखवलं जातं. चुकलेली गोळी आडोसा थोडाफार फोडते, पण सोबत्याला लागत नाही. आपल्या माणसाला आपल्याच हातून इजा व्हायची ती बाँब-रॉकेटने, नाहीतर बिथरलेल्या सैनिकाकडून. नळी एलियनच्या छातीला टेकलेली असताना गोळी भलतीकडे जाते तेव्हा हसू येतं आणि रागही. पडद्यावर ९५ टक्के दिसलं की माणूस ते १०० वाचतो, हा माणसाचा दोष. पण टेकलेली नळी दाखवणं हा चित्राचा दोष. बरं, डाव सेव्ह करून तीच गोळी पुन्हा झाडली तर निकाल बदलत नाही, कारण फाशाचं बीज, म्हणजे पुढचे फासे ज्यावरून ठरतात तो आकडा, सेव्हसोबतच साठवलेलं असतं. ‘एनिमी विदिन’मधल्या ‘सेकंड वेव्ह’ या जादा पर्यायांच्या यादीत हे बदलायची सोय दिली आणि तिचं नावच ‘सेव्ह स्कम’ (सेव्ह पुन्हा पुन्हा उघडून हवा तो निकाल मिळवण्याची लबाडी) ठेवलं. एवढा मोकळेपणा मला आवडला.

पृथ्वीचा गोल

वरच्या कारभाराच्या खेळात रीमेक मला सर्वात उणा वाटतो.

१९९४च्या गोलावर एलियन स्वतःची कामं करत असतात. कुठे माणसं पळवणं, कुठे एखाद्या सरकारात शिरकाव करून त्याला तुमच्यापासून फोडणं, कुठे तळ बांधणं. त्यांची यानं खरोखर एका जागेहून दुसरीकडे उडतात. तुमच्या रडारने पकडली तर दिसतात, नाहीतर त्यांचं काम उरकून निघून जातात आणि तुम्हाला महिनाअखेरच्या अहवालात त्याची फळं कळतात. समुद्रावर पाडलं तर यान बुडतं, हाती काही लागत नाही. त्यांची यानं फार पाडलीत तर ते चिडून तुमचा तळ शोधायला लागतात. आणि तळावर हल्ला झाला, तर तुम्ही महिन्यांपूर्वी ज्या मांडणीने खोल्या बांधल्यात तीच मांडणी लढाईचा नकाशा होते! शत्रू फक्त विमानांच्या हँगरमधून आणि लिफ्टमधून शिरतो, म्हणून शहाणे खेळाडू हँगर एका अंगाला ठेवून मधे एकच चिंचोळी वाट राखतात. कारभार आणि लढाई यांना जोडणारी याहून देखणी कल्पना मी दुसऱ्या स्ट्रॅटेजी खेळात पाहिलेली नाही.

रीमेकमध्ये यातलं थोडंच उरलं. तळ एकच, जमिनीखाली, वारुळासारखा उभा कापून दाखवलेला, दिसतो सुंदर. २०१२च्या आवृत्तीत त्यावर हल्ला होतच नाही. ‘एनिमी विदिन’मध्ये होतो, एकदाच, ठरलेल्या नकाशावर. जगाचा ताण १६ देशांच्या भीतीच्या पट्ट्यांवर आणि उपग्रहांवर उभा आहे. अपहरणाच्या बातम्या एकदम तीन ठिकाणांहून येतात, तुम्ही एकच निवडायची, बाकीच्या दोन ठिकाणी भीती वाढते. आठ देश सोडून गेले की डाव संपला. उपग्रह तयार व्हायला २० दिवस लागतात, म्हणजे महिन्याच्या दहा तारखेच्या आत मागणी नोंदवली नाही तर त्या महिनाअखेरीला तो हाती नाही. तयार झालेले उपग्रह दाबून ठेवायचे आणि शेवटच्या दिवसांत जो देश भीतीने लाल झाला असेल त्याच्यावर सोडायचे. हे कोडं म्हणून चोख आहे. पहिल्या खेपेला मी त्यात हरलो आणि पुन्हा सुरू केला. पण दुसऱ्या खेपेला उत्तर माहीत होतं. तिसऱ्यांदा सोडवायला त्यात फारसं काही उरत नाही. मूळ गोलावर दहावा डावही वेगळा पडतो, कारण तिथे कोडं नाही, कटकटीचा संसार आहे.

जुन्या संसारातही खिंडारं होती हे विसरू नये. तिथे लेझर तोफ बनवायला १,८२,००० डॉलर लागतात आणि ती बाजारात २,११,००० ला जाते, मागणीला मर्यादा नाही. कारागिरांचा पगार सुटून वर नफा. पृथ्वी वाचवणारी गुप्त संघटना बघता बघता शस्त्रांचा कारखाना होते आणि देशांच्या निधीची भीती संपते. काठिण्यपातळीचं तर हसूच झालं: डॉस या जुन्या संगणकप्रणालीवरच्या आवृत्तीत एका चुकीमुळे डाव थोडा पुढे सरकला की खेळ गुपचूप सर्वात सोप्या पातळीवर घसरायचा. लोकांनी खेळ सोपा असल्याची तक्रार केली, कर्त्यांना चूक माहीत नव्हती, आणि म्हणून १९९५चा पुढचा भाग ‘टेरर फ्रॉम द डीप’ मुद्दाम अधिक कठीण केला गेला. ‘पूर्वीचे खेळ कसे कडक असायचे’ असं कोणी म्हणालं की मला ही गोष्ट आठवते.

सैनिकाचं मोल

यावर थोडक्यात. चौदातला एक गेला तर ७ टक्के बळ गेलं; सहातला एक गेला तर १७ टक्के, सुरुवातीच्या चौघांतला गेला तर २५. रीमेकमध्ये सैनिकाला चेहरा आहे, टोपणनाव आहे, तळावर स्मृतिभिंत आहे, पण माझ्या मते शोक येतो तो या टक्केवारीतून. मूळ खेळात कर्नल मेला की हळहळ वाटायची. रीमेकमध्ये मोहीमच लंगडी होते. एक कडेलोटही यातून होतो: मोहिमेच्या सुरुवातीला दोन चांगले सैनिक गेले की पुढच्या लढाया नवख्यांवर, ते मरणार, म्हणून त्याच्या पुढच्याही नवख्यांवर. मूळ खेळ माणसं फेकत फेकत सावरू देतो. रीमेक सहसा सावरू देत नाही.

नंतर जे आलं

मूळ खेळ तसाच्या तसा नव्याने केला असता तर काय झालं असतं, याचं उत्तर अंदाजावर सोडावं लागत नाही. गोल्डहॉक इंटरअॅक्टिव्हचा ‘झेनोनॉट्स’ २०१४ साली आला. शीतयुद्धाचा काळ, टाइम युनिट आहेत, एकाहून जास्त तळ आहेत, आडदांड फौज आहे. नेटका खेळ आहे. मी तो आदराने खेळलो आणि संपवून बाजूला ठेवला. तिथे वाटलं की पाठ केलेली कविता कोणी सुस्वर म्हणून दाखवतोय. त्याच वर्षी ‘ओपनएक्सकॉम’ची पहिली पूर्ण आवृत्ती आली. चाहत्यांनी मूळ खेळाचं इंजिन नव्याने लिहिलं, चुका काढल्या. चित्रं आणि नकाशे मात्र तुमच्याकडच्या मूळ प्रतीतून घ्यावे लागतात. जुना खेळ खेळायचा तर तो आज असा खेळावा. रीमेकने जुन्याला गिळलेलं नाही, हे या प्रकरणातलं सुदैव. ‘वॉरक्राफ्ट ३’च्या २०२०च्या आवृत्तीने जुन्या खेळाची जागाच घेतली, तेव्हाचा संताप बराचसा त्यावरून होता.

‘लाँग वॉर’ हे चाहत्यांनी रीमेकमध्येच केलेलं प्रचंड फेरफाराचं काम मला जास्त बोलकं वाटतं. त्यांना काय उणं वाटत होतं ते त्यात उघड दिसतं: तुकडी मोठी केली, वर्ग वाढवले, मोहीम लांबवली, सैनिक थकू लागले, एलियनही आपापलं संशोधन करू लागले. म्हणजे जवळपास सगळी डागडुजी गोलावर आणि फौजेवर. दोन कृतींची खेळी मात्र त्यांनी तशीच ठेवली. पुढे ‘एक्सकॉम २’ आला तेव्हा फिरॅक्सिसने याच मंडळींना पहिल्या दिवसासाठी काही फेरफार करायला बोलावलं.

आणि मग डिसेंबर २०१९ मध्ये खुद्द ज्युलियन गोलॉप ‘फिनिक्स पॉइंट’ घेऊन परतले. टाइम युनिट त्यांनी परत आणले नाहीत. सैनिकाला चार ॲक्शन पॉइंट दिले. आडोसा, ओव्हरवॉच, वर्ग आणि त्यांची कौशल्यं हे सगळं रीमेकच्या वळणाचं घेतलं. गोळी मात्र पुन्हा हवेत सोडली. नेम धरला की पडद्यावर दोन वर्तुळं दिसतात: गोळ्या सगळ्या बाहेरच्या वर्तुळात जाणार, त्यातल्या निम्म्या आतल्या, आणि मधे जो कोणी उभा असेल त्याला लागणार.